बॅकलाइट कोडला जुमानत नाही? आधी पिन कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

कोड विनातक्रार कंपाइल होतो, बोर्डवर चढतो, स्क्रीनवर चित्रही नीट येतं. फक्त बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचा, ब्राइटनेस बदलत नाही. शून्य लिहा नाहीतर दोनशे लिहा, उजेड आहे तेवढाच. नाहीतर दुसरं टोक: स्क्रीन काळीठिक्कर आणि सिरियल मॉनिटरवर मात्र सगळं आलबेल. मायक्रोकंट्रोलरला डिस्प्ले जोडणाऱ्याला हे दुखणं कधी ना कधी भेटतंच, आणि एकदा बरं झालं म्हणून पुन्हा उपटणार नाही असंही नाही. माझ्या एकाच घड्याळात ते दोनदा आलं, दोन्ही वेळा वेगळ्या कारणाने.

घड्याळ साधंच. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर आणि आयएलआय९३४१ कंट्रोलरचा टीएफटी डिस्प्ले, रात्री उजेड कमी व्हावा एवढीच अपेक्षा. पहिल्यांदा बिघडलं ते अलार्मसाठी बझर जोडला तेव्हा. अलार्म वाजला की स्क्रीन भगभगीत व्हायची आणि वाजायचा थांबला तरी तशीच राहायची. ते निस्तरल्यावर बरेच महिने सुरळीत गेले. मग एका वाराचं नाव चुकीचं दिसत होतं म्हणून एक अक्षर बदलून कोड पुन्हा चढवला, आणि स्क्रीन पूर्ण अंधारात. अक्षराचा आणि बॅकलाइटचा काडीचा संबंध नाही, हे कळत असूनही दोन संध्याकाळी मी डिस्प्लेच्या लायब्ररीत खणत बसलो. रोग म्हशीला, औषध पखालीला.

दोन्ही वेळा काय झालं होतं ते पुढे ओघात येईलच. (फंक्शनांची आणि मॅक्रोंची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुमच्या एडिटरमध्ये ती ऑटोकम्प्लीटला लगेच सापडतील.)

डिस्प्ले वेगळा, दिवा वेगळा

टीएफटी पॅनल स्वतः उजेड देत नाही. मागे पांढरे एलईडी असतात, पुढे द्रवस्फटिकाचा पडदा. एसपीआयवरून (डिस्प्लेला डेटा नेणाऱ्या तारांवरून) आपण जे काही पाठवतो ते पडद्याच्या कंट्रोलरला जातं. एलईडींना त्याचा पत्ता नसतो. त्यांची वायर बहुतेक मॉड्यूलवर वेगळी बाहेर काढलेली असते, तिच्यावर बीएल, बीएलके किंवा नुसतं एलईडी असं छापलेलं असतं.

यातून एक नेहमीची फसगत होते. एसटी७७८९ किंवा आयएलआय९३४१च्या डेटाशीटमध्ये हेक्स ५१ ही ब्राइटनेसची कमांड असते आणि हेक्स ५३ ही तिच्यासोबतची कंट्रोल कमांड. माणूस खूश होऊन ५१ पाठवतो आणि काहीच होत नाही. कमांड खरी आहे, पण तिचा परिणाम कंट्रोलर चिपच्या स्वतःच्या पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत) पायावर होतो, आणि सुट्या मिळणाऱ्या बहुतेक मॉड्यूलवर तो पाय एलईडीपर्यंत नेलेलाच नसतो. तसंच डिस्प्ले ऑफ, म्हणजे हेक्स २८. त्याने चित्र जातं, दिवा चालूच राहतो आणि बॅटरी खात राहतो.

ओएलईडीवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. एसएसडी१३०६सारख्या पडद्याला बॅकलाइट नसतोच. तिथे हेक्स ८१ ही कॉन्ट्रास्टची कमांड वापरायची, आणि तिचा पल्ला थोडकाच असतो हे मान्य करायचं.

स्क्रीन काळी असेल तर कोडला हात लावण्याआधी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिच्यावर तिरका धरा. पुसट का होईना, चित्र दिसलं तर डिस्प्ले शाबूत आहे आणि घोळ फक्त दिव्याचा आहे. माझ्या घड्याळात टॉर्चच्या उजेडात सेकंद पुढे सरकताना दिसले, तेव्हा कुठे मी लायब्ररी बंद केली. हे पहिल्या पाच मिनिटांत केलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

सगळं काढून टाका, फक्त पिन हलवा

आता एक कोरं स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) उघडा. डिस्प्लेची लायब्ररी नको, वायफाय नको, काहीच नको. बॅकलाइटचा पिन आउटपुट करा, दोन सेकंद हाय, दोन सेकंद लो, बस्स. मल्टीमीटर असेल तर तो डीसी व्होल्टवर ठेवून पिनवर धरा. पुढची सगळी दिशा या स्केचवरून ठरते, त्यामुळे ते टाळू नका. ‘माझा कोड बरोबरच आहे’ असं म्हणणाऱ्यांनी तर मुळीच टाळू नका.

पिनवर व्होल्टेज वरखाली होतंय पण दिवा ढिम्म असेल, तर दिवा त्या पिनला जोडलेलाच नाही. काही मॉड्यूलवर एलईडीची वायर थेट ३.३ व्होल्टला बांधलेली असते, तिथे कोडने काहीही होणार नाही. जोडणी बदलावी लागते. नाहीतर पिन नंबर चुकला आहे. दिसायला सारख्या बोर्डांत नंबर वेगळे असतात. ईएसपी३२-२४३२एस०२८ या २.८ इंची पिवळ्या बोर्डवर बॅकलाइट जीपीआयओ (म्हणजे चिपचा पिन) २१ वर आहे, तर त्याच घराण्यातल्या ३.५ इंची ३२४८एस०३५ वर २७ वर. जुन्या टी-डिस्प्लेवर ४, एम५स्टॅक बेसिकवर ३२. कुठल्यातरी उदाहरणातून कोड उचलला असेल तर संशय पहिला इथे घ्या.

पिनवर व्होल्टेजच हलत नसेल तर तो पिन आउटपुट होऊ शकतो का ते पाहा. मूळ ईएसपी३२ मध्ये जीपीआयओ ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत. ६ ते ११ फ्लॅशला जोडलेले असतात, त्यांना हात लावला की बोर्ड लटकतो. आणि १२ वर बॅकलाइटची सर्किट असेल आणि ती बूट होताना पिन वर खेचत असेल, तर बोर्ड सुरूच होणार नाही, कारण त्या क्षणी १२ ची पातळी पाहून चिप फ्लॅशचं व्होल्टेज ठरवते.

दिवा उलटा चालत असेल, म्हणजे लो केल्यावर पेटत असेल, तर मध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर किंवा पी-चॅनल मॉसफेट आहे. हा दोष नाही. कोडमध्ये कमाल आकड्यातून आपला आकडा वजा करून लिहायचा. पण यात एक बारीक खोच आहे. ईएसपी-आयडीएफमध्ये (चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साधनांत) ८ बिटवर पूर्ण ड्यूटी, म्हणजे आवर्तनात पिन हाय असण्याचा वाटा, २५६ असते, २५५ नव्हे. २५५ लिहिलं की प्रत्येक आवर्तनात एक निसटता क्षण पिन लो जातो, आणि उलट्या सर्किटमध्ये ‘बंद’ केलेला दिवा अंधारात मंद धुगधुगत राहतो. आर्डुइनो कोअर (त्या चिपसाठीचा आर्डुइनोचा मूळ कोड) हे आतल्या आत सांभाळून घेतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

आणि कोऱ्या स्केचमध्ये सगळं व्यवस्थित चाललं तर? तर हार्डवेअर निर्दोष आहे. तुमच्या मूळ कोडमध्ये कोणीतरी तुमच्यामागून येऊन त्या पिनवर हात ठेवतंय.

शेवटचा हात कोणाचा

पिनला मालक एकच असतो, आणि तो म्हणजे ज्याने शेवटी त्याला आपलंसं केलं तो. तुम्ही आधी किती व्यवस्थित पीडब्ल्यूएम लावलं होतं याला काही किंमत नसते.

टीएफटी-ईएसपीआय ही लायब्ररी घ्या. तिच्या यूजर-सेटअप फाइलमध्ये टीएफटी_बीएल हा मॅक्रो दिलेला असेल तर इनिट (डिस्प्ले सुरू करणारं फंक्शन) चालताना ती स्वतःहून पिनमोड आउटपुट करते आणि डिजिटलराइटने दिवा पूर्ण पेटवते. तुम्ही सेटअपमध्ये आधी पीडब्ल्यूएम जोडलं आणि नंतर इनिट बोलावलं, तर पिनमोडने तुमची जोडणी तोडली. पुढे ब्राइटनेसच्या कितीही ओळी लिहा, त्या पाण्यात. दिवा कायम पूर्ण उजेडात अडकतो ती तक्रार बहुधा हीच. क्रम बदला: आधी इनिट, मग पीडब्ल्यूएम. किंवा तो मॅक्रो सेटअप फाइलमधून काढूनच टाका, म्हणजे लायब्ररी पिनच्या वाटेला जाणार नाही. मी दुसरा मार्ग पत्करतो, कारण सहा महिन्यांनी ओळी वरखाली करताना क्रमाचं भान मला तरी राहत नाही.

लव्हयान-जीएफएक्स ही दुसरी डिस्प्ले लायब्ररी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. त्यात लाइट-पीडब्ल्यूएम नावाचा क्लास आहे. पिन, उलटसुलट, फ्रीक्वेन्सी आणि चॅनल त्यात भरायचे आणि पुढे सेट-ब्राइटनेसला ० ते २५५ द्यायचे. तो नेमला असेल तर त्याच पिनवर स्वतःचं वेगळं पीडब्ल्यूएम लावू नका. दोघांपैकी एकालाच सांगा. एलव्हीजीएल या ग्राफिक्स लायब्ररीचा मात्र यात कुठेच हात नसतो. तो पिक्सेल रंगवतो आणि दिवा तुमच्यावर सोडतो.

दुसरा चोर घरातलाच असतो. कुठल्यातरी फंक्शनमध्ये, बहुधा ‘स्क्रीन बंद कर’ अशा नावाच्या, तुम्हीच पूर्वी डिजिटलराइट लिहून ठेवलेलं असतं. आर्डुइनो ऊनोवर डिजिटलराइट त्या पिनचं पीडब्ल्यूएम आधी बंद करतं आणि मग पातळी लिहितं, त्यामुळे तिथे दिवा खरोखर विझतो. ईएसपी३२ वर तसं नाही. पीडब्ल्यूएम जोडलेलं असताना पिनचा सिग्नल एलईडीसी या पीडब्ल्यूएमच्या हार्डवेअरकडून येत असतो (फंक्शनांच्या नावात त्याचंच ‘लेडसी’ होतं). डिजिटलराइट तिथपर्यंत पोचतच नाही. कोअर ३ मध्ये तर ते लॉगमध्ये ‘हा पिन जीपीआयओ म्हणून लावलेला नाही’ अशी तक्रार नोंदवून गप्प बसतं. ऊनोवरून आणलेला कोड ईएसपी३२ वर अर्धवट चालतो त्यातलं एक कारण हे आहे. उपाय सोपा: दिवा विझवायचा तर ड्यूटी शून्य करा, डिजिटलराइटच्या वाटेला जाऊ नका.

कोअर ३ चा सापळा

आता माझ्या घड्याळाचा दुसरा झटका. ईएसपी३२च्या आर्डुइनो कोअरची ३.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिने पीडब्ल्यूएमची बोलण्याची पद्धतच बदलली. आधी लेडसी-सेटअपने चॅनल तयार करायचा, लेडसी-अटॅचपिनने तो पिनला जोडायचा आणि लेडसी-राइटला चॅनलचा नंबर द्यायचा. नव्या पद्धतीत पहिली दोन फंक्शनं गेली. त्यांच्या जागी एकच लेडसी-अटॅच आलं: पिन, फ्रीक्वेन्सी, बिट. चॅनल कोणता घ्यायचा ते कोअर स्वतः ठरवतो.

जुना कोड नव्या कोअरवर कंपाइल केला की ‘लेडसी-सेटअप माहीत नाही’ अशी एरर येते. ती चांगलीच गोष्ट, निदान दिसते तरी. अक्षर बदलताना हीच एरर आली, म्हणून मी त्या दोन ओळी खोडून तिथे लेडसी-अटॅच(२१, ५०००, १२) लिहिलं. एरर गेली. पण खाली लेडसी-राइट(०, उजेड) तसंच राहिलं. जुन्या अर्थाने ते ‘चॅनल ०’ होतं. नव्या अर्थाने ते ‘पिन ०’ झालं. कंपायलरला दोन्ही नुसते आकडेच, तो कशाला कुरकुरेल? पिन २१ ला ड्यूटी कधी मिळालीच नाही, ती शून्यावर राहिली, आणि घड्याळ अंधारात गेलं.

हे पकडायला आयडीईच्या टूल्स मेनूमध्ये कोअर डीबग लेव्हल ‘एरर’वर किंवा त्याहून वर ठेवा. मग सिरियल मॉनिटरवर पिन ० एलईडीसीला जोडलेला नाही, असा निरोप दिसतो. ही लेव्हल मूळात ‘नन’वर असते, म्हणून बोर्ड ओरडत असतो आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. मी आता कुठलंही नवं स्केच ही लेव्हल वर करूनच सुरू करतो.

एकच कोड जुन्या आणि नव्या दोन्ही कोअरवर चालवायचा असेल तर ईएसपी_आर्डुइनो_व्हर्जन_मेजर हा मॅक्रो तपासून दोन फांद्या करा. आणि लेडसी-राइट कोडभर पसरवू नका. ‘उजेड लाव’ असं एक फंक्शन करा, बाकी सगळ्यांनी त्यालाच हाक मारायची. पुन्हा काही बदललं तर एकाच जागी हात घालावा लागतो.

लेडसी-अटॅच खरं-खोटं परत देतं, ते तपासायची सवयही लावून घ्या. खोटं येण्याचं नेहमीचं कारण गणिताचं असतं. मूळ ईएसपी३२ मध्ये या हार्डवेअरला ८० मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतं. फ्रीक्वेन्सी गुणिले दोनाचा बिटांइतका घात हे त्या ८० मेगाहर्ट्झच्या आत बसलं पाहिजे. ५ किलोहर्ट्झ आणि १३ बिट म्हणजे ४०.९६ मेगाहर्ट्झ, चालतं. ५ किलोहर्ट्झ आणि १४ बिट म्हणजे ८१.९२, थोडक्यासाठी बाहेर. अशा वेळी पीडब्ल्यूएम सुरूच होत नाही आणि आपण आकडे वाढवत बसतो.

बझर वाजला की उजेड का बदलतो

पीडब्ल्यूएमचे चॅनल बरेच दिसतात, पण त्यांच्यामागचे टायमर मोजकेच असतात. फ्रीक्वेन्सी आणि बिट टायमरचे असतात, चॅनलची असते ती फक्त ड्यूटी. ईएसपी३२च्या जुन्या आर्डुइनो कोअरमध्ये चॅनल ० आणि १ एका टायमरवर, २ आणि ३ पुढच्यावर, असे जोडीजोडीने बसतात. माझा बॅकलाइट ० वर होता, बझर १ वर.

बझर वाजवताना लेडसी-राइट-टोन त्या टायमरची फ्रीक्वेन्सी बदलतं आणि बिट १० करून टाकतं. बॅकलाइट मी १२ बिटवर लावला होता, रात्रीची ड्यूटी ४००. म्हणजे ४०९६ पैकी ४००, सुमारे १० टक्के. बझर वाजताच तेच ४०० हे १०२४ पैकी झाले, ३९ टक्के. उजेड जवळपास चौपट! आणि टोन थांबवला तरी टायमर पूर्वपदावर येत नाही, फक्त बझरची ड्यूटी शून्य होते. म्हणून स्क्रीन भगभगीतच राहायची. बझरला चॅनल २ दिला, विषय संपला. हे मी मुद्दाम इतकं फोडून सांगतोय, कारण ‘अधूनमधून ब्राइटनेस आपोआप बदलतो’ अशी तक्रार ऐकली की लोक पॉवर सप्लायवर घसरतात. आधी टायमर मोजा.

इतर चिपांवरही याच जातीची भांडणं आहेत. रास्पबेरी पाय पिको बोर्डवरच्या आरपी२०४० मध्ये पीडब्ल्यूएमचे ८ स्लाइस, प्रत्येकात दोन चॅनल. जीपीआयओ ४ आणि २० हे एकाच चॅनलवर येतात, कारण नंबरमध्ये १६ चा फरक असला की चॅनल तोच. एकाला दिलेली ड्यूटी दुसऱ्यालाही लागते. २० आणि २१ वेगळे चॅनल असले तरी स्लाइस एकच, त्यामुळे फ्रीक्वेन्सी सामाईक. ऊनोवर सर्व्हो लायब्ररी घेतली की पिन ९ आणि १० चं पीडब्ल्यूएम जातं, टोन वापरला की ३ आणि ११ चं बिघडतं. ईएसपी८२६६ वर निराळीच गंमत: ॲनालॉगराइटचा पल्ला पूर्वी १०२३ पर्यंत होता, त्याच्या कोअर ३.० पासून तो २५५ झाला. जुन्या कोडमध्ये ‘अर्धा उजेड’ म्हणून ५१२ लिहिलेलं असेल तर नव्या कोअरवर तो पूर्ण उजेड होतो. एसटीएम३२ वर हॅल लायब्ररी वापरणाऱ्यांकडून पीडब्ल्यूएम-स्टार्टची ओळ राहून जाते. क्यूबएमएक्स हे साधन टायमरची मांडणी करून देतं, तो सुरू करणं आपलं काम.

जिथे पीडब्ल्यूएम चालणारच नाही

काही तयार उपकरणांत बॅकलाइट पिनवर नसतोच. मूळ एम५स्टिक-सी मध्ये तो एएक्सपी१९२ या पॉवर चिपच्या एलडीओ२ या व्होल्टेज आउटपुटमधून येतो. तिच्याशी आयटूसीवर (दोन तारांच्या जोडणीवर) बोलायचं, पत्ता हेक्स ३४. ब्राइटनेस म्हणजे तिथे व्होल्टेज: रजिस्टर हेक्स २८ चे वरचे चार बिट, १.८ व्होल्टपासून ०.१ च्या पायऱ्या. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच अडीच व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून खालच्या अर्ध्या पायऱ्यांवर काहीच दिसत नाही आणि उपयोगाचा पट्टा साधारण २.५ ते ३ व्होल्टमध्ये आवळलेला असतो. ‘१ ते ६ वर स्क्रीन काळी’ ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हे.

टी-डिस्प्ले-एस३ ची गोष्ट आणखी मजेदार. तिथे जीपीआयओ ३८ वर बॅकलाइट आहे, पण मध्ये एडब्ल्यू९३६४ ही चिप बसलीय, आणि ती पल्स मोजते. पिन हाय झाला की पूर्ण उजेड, त्यानंतरच्या प्रत्येक खाली-वर झटक्याला एक पायरी कमी, एकूण १६ पायऱ्या, शेवटी पुन्हा वरून सुरुवात. तिला सलग पीडब्ल्यूएम दिलं तर ती इमानेइतबारे प्रत्येक पल्स मोजत बसते आणि उजेड मनाला येईल तसा वागतो. इथे सध्याची पायरी लक्षात ठेवून नेमके तितकेच झटके द्यायचे. पूर्ण विझवायचं असेल तर पिन काही मिलिसेकंद लो धरायचा, म्हणजे चिपची मोजणीही कोरी होते. आणि हा बोर्ड बॅटरीवर असेल तर जीपीआयओ १५ हाय केल्याशिवाय डिस्प्लेला वीजच मिळत नाही. यूएसबीवर चालतं, बॅटरीवर काळं, ते यामुळे.

१६ बाय २ च्या अक्षरांच्या एलसीडीला मागे आयटूसीची पाठपट्टी असेल, तर दिवा पीसीएफ८५७४च्या एका बिटवर असतो. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. पट्टीवरचा दोन टोकांचा जंपर काढून तिथे ट्रान्झिस्टरमधून पीडब्ल्यूएम दिलं तर मंद करता येतं.

मंद करताना उडी का बसते

उजेड कमी करणारा स्लायडर वरच्या अर्ध्यात काहीच करत नाही आणि तळाशी एकदम कोसळतो, याला कोड जबाबदार नाही. आपला डोळा सरळ रेषेत मोजत नाही. अर्ध्या ड्यूटीचा उजेड डोळ्याला सुमारे पाऊणाएवढा वाटतो. म्हणून हवी ती पातळी ० ते १ मध्ये घेऊन तिचा २.२ घात करायचा आणि मग ड्यूटीत बदलायचा.

इथे ८ बिट अपुरे पडतात. २५५ पैकी १० ही पातळी घात करून पुन्हा ८ बिटवर आणली तर ०.२ येते, म्हणजे शून्य. खालच्या सगळ्या पायऱ्या अंधारात एकत्र होतात. तेच १२ बिटवर ३ येतं. रात्रीच्या घड्याळाला नेमक्या त्याच खालच्या पायऱ्या हव्या असतात.

फ्रीक्वेन्सीबद्दल थोडक्यात: ५ किलोहर्ट्झने सुरुवात करा. ऊनोचे मूळचे ४९० हर्ट्झ डोळ्याला सहसा चालतात, पण कॅमेऱ्यात पट्टे उमटतात. बोर्डातून बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर २० किलोहर्ट्झवर जा. ईएसपी३२ वर तिथे ११ बिट मिळतात. मात्र एलईडीसाठी वेगळी ड्रायव्हर चिप असेल तर तिच्या डेटाशीटमधली फ्रीक्वेन्सीची मर्यादा आधी वाचा.

झोपेतून उठल्यावर अंधार

लाइट स्लीपमध्ये ८० मेगाहर्ट्झचं घड्याळ थांबतं आणि त्याबरोबर पीडब्ल्यूएमही. झोपेतही मंद उजेड हवा असेल तर आयडीएफमध्ये टायमरला आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ निवडा. मग वरचं गणित ८ ने करायचं: ५ किलोहर्ट्झला जास्तीत जास्त १० बिट.

डीप स्लीपमध्ये उलटी अडचण. पिन मोकळा सुटतो आणि सर्किटमध्ये वर खेचणारा रेझिस्टर असेल तर झोपलेल्या उपकरणाचा दिवा उजळतो. यावर लोक जीपीआयओ-होल्ड-एनेबल (पिनची पातळी गोठवणारं फंक्शन) लावतात, ते बरोबरच आहे. आधी लेडसी-डिटॅच, मग पिनमोड आउटपुट, पातळी लो, मग होल्ड. जीपीआयओ २१ सारखा आरटीसीबाहेरचा (चिपच्या झोपेतही जाग्या राहणाऱ्या भागाबाहेरचा) पिन असेल तर सोबत डीप-स्लीप-होल्डचं फंक्शनही लागतं. विसरलं जातं ते उठल्यानंतरचं: होल्ड सोडवायला हवा. पिन गोठलेला असताना लेडसी-अटॅच खुशाल ‘खरं’ परत देतं, ड्यूटी लिहिली जाते, आणि पिनवर काहीच बदलत नाही. कोडमधून केलेल्या रीस्टार्टने न सुटणारा पण केबल काढून घातली की सुटणारा अंधार दिसला, तर सेटअपच्या पहिल्याच ओळीत होल्ड-डिसेबल घालून बघा. म्हणजे इथेही पिनवर दुसऱ्याच कोणाचा हात होता, आणि तो तुम्हीच झोपण्यापूर्वी ठेवला होता.

विजेचं थोडं

नुसते एलईडी बाहेर काढलेल्या पॅनलला पिनवरून थेट पेटवू नका. एकेका एलईडीला २० मिलिअँपिअरपर्यंत लागतात आणि ते तीनचार समांतर असतात. आरपी२०४०च्या पिनची ताकद सर्वात वरच्या सेटिंगला १२ मिलिअँपिअर धरलेली आहे. ऊनोच्या पिनला ४० ही टोकाची मर्यादा आहे, कामाची नव्हे. मध्ये एओ३४०० सारखा ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडणारा एन-चॅनल मॉसफेट टाका, एलईडींना त्यांचा रेझिस्टर द्या. आयआरएफ५२० चालत नाही, तो एवढ्या व्होल्टेजला धड उघडत नाही आणि दिवा कायम मिणमिणता राहतो.

मॉसफेटच्या गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम लावला की बूट होताना दिसणारा पांढरा भपकाही जातो, कारण कोड सुरू होईपर्यंत पिन तरंगत असतो. उरलेला भपका कोडने घालवायचा: दिवा बंद ठेवून इनिट करा, स्क्रीन काळ्याने भरा, पहिलं चित्र काढा आणि शेवटी उजेड द्या. टीएफटी-ईएसपीआयमध्ये तो मॅक्रो ठेवलेला असेल तर हे जमत नाही, कारण लायब्ररी इनिटमध्येच दिवा पेटवून मोकळी होते.

माझ्या घड्याळात आता तो मॅक्रो नाही, लेडसी-राइटमध्ये ० च्या जागी २१ आहे, आणि रात्रीची ड्यूटी ४०९६ पैकी ९ वर ठेवलीय. ३ वर ठेवून पाहिली होती. वेळ वाचायला डोळे ताणावे लागत होते.